सव्वासतरा डॉलरची गावकी

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो: अमेरिकेतल्या हंगेरियन खाणकामगारांनी १८८६ साली काढलेलं मंडळ अजून चालू आहे, आणि आपल्या गावकीची मंडळं दुसऱ्या पिढीतच धापा टाकतात. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी सोसायटीच्या पार्किंगचे आणि गळक्या गच्चीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. गच्चीवाल्यांनी रागावू नये. पावसाळा दरवर्षी येतो.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. हंगेरीला मी कधी गेलेलो नाही. २०१८ साली मुलीकडे पिट्सबर्गजवळ सहा महिने राहिलो. शेजारी ऐंशी पार केलेल्या एक आजी होत्या. त्यांचे आजोबा हंगेरीतून कोळशाच्या खाणीत कामाला आलेले, आणि आजी स्वतः अशाच एका मंडळाच्या शाखेच्या कितीतरी वर्षं खजिनदार. लोक तिथे धबधबे बघायला जातात, मी त्यांच्या वह्या बघत बसलो. मुलगी अजून हसते.

प्रश्न : साहेब, आमचं गाव जावळी तालुक्यातलं. मंडळ १९७८ सालचं. तेव्हा सगळे मशीद बंदरला माथाडी. बाजार इकडे हलला तसे आम्हीही घणसोलीत आलो. १४० सभासद, महिना शंभर रुपये वर्गणी, सभासद वारला की घरच्यांना पंचवीस हजार. पूर्वी वर्षाला एखादा जायचा. गेली दोन-तीन वर्षं पाच-सहा जातायत. वर्गणी वाढवायचं म्हटलं की सभा उधळते. त्या हंगेरीवाल्यांनी हे कसं निभावलं? (एक सभासद, घणसोली)

उत्तर : तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी आधी पाकिटाच्या मागे आकडे मांडले. वर्षाची वर्गणी १,६८,००० रुपये. सहा मृत्यू म्हणजे दीड लाख. उरले अठरा हजार. त्यातच सत्यनारायण, जत्रेची देणगी आणि गावी जायच्या टेम्पोचं भाडं. सातवा माणूस गेला की मंडळ सात हजारांनी तोट्यात. तुमच्या पत्रात कुठेतरी संशयाचा वास आहे म्हणून सांगतो, यात कोणी पैसे खाल्लेले दिसत नाहीत. मंडळ म्हातारं झालंय आणि वर्गणी अजून पंचविशीतली आहे, एवढंच.

आता ते हंगेरीवाले. १८८६ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातल्या हेझलटन या कोळशाच्या गावात तेरा खाणकामगार एकत्र आले. जमलेली रक्कम सव्वासतरा डॉलर. हंगेरीतल्या द्युला वेर्होवाय नावाच्या पुढाऱ्याचं नाव त्यांनी मंडळाला दिलं. काम दोनच: आजारी पडलेल्याच्या घरी चूल पेटती ठेवायची आणि मेलेल्याला नीट माती द्यायची. खाणीत माणूस गेला तर घरच्यांना देणं मालकावर बंधनकारक नव्हतं. पेनसिल्व्हेनियात कामगारांच्या भरपाईचा कायदा झाला १९१५ साली. (आपल्याकडचा १९२३ चा, फार मागे नव्हतो आपण.) तोवर बायकोच्या हाती जे पडायचं ते मंडळाचं.

ही माणसं राहायची कशी, ते ऐकून मला लालबाग आठवलं. एका घरात दहा-बारा गडी, पाळीप्रमाणे झोपायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा. अंथरूण म्हणे कधी थंडच व्हायचं नाही. 'बोर्डिंग हाऊस'चं त्यांनी आपल्या जिभेला येईल तसं 'बुर्दोशहाझ' केलं होतं. आमच्या संगमेश्वरकडच्या गावाची खोली लालबागला होती. तिथेही हाच प्रकार, फक्त खाटा नव्हत्या, वळकट्या होत्या. खुंट्यांवर ट्रंका आणि एका कोपऱ्यात मंडळाची पेटी.

त्या पेटीचं सांगतो, मग तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझे वडील खजिनदार होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सभेत कोणीतरी म्हणालं, पेटी काय मेल्यावर उघडायची? टाळ्या पडल्या. दर घराला मदत सुरू झाली. नियम नाही, मर्यादा नाही, वडिलांनी एकट्याने मोजून द्यायचे. गणपतीला गावी जायची वेळ आली तोवर पेटी रिकामी. त्याच महिन्यात एक सभासद गेले आणि त्यांच्या बायकोला द्यायला मंडळाकडे काही नव्हतं. वडील दोन दिवस जेवले नाहीत. मला लेखापरीक्षक व्हावंसं त्या आठवड्यात वाटलं असावं.

आजींच्या वह्यांत मी पहिली गोष्ट शोधली ती हीच: मयताचे पैसे आणि इतर खर्चाचे पैसे एका खात्यात आहेत का? नव्हते. मयताचा निधी वेगळा. सहल, बँड, हॉलचं भाडं, सभेतली बियर, सगळं खर्चाच्या खात्यातून. खर्चाचं खातं आटलं तर सहल रद्द. मयताच्या निधीला हात लावायचा अधिकार सभेलाही नाही, टाळ्या कितीही पडोत.

दुसरी गोष्ट, आजाऱ्याला भेटणारा आणि पैसे देणारा माणूस एक नाही. शाखेत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, हिशेब तपासनीस असतात, तसाच एक पदाधिकारी म्हणजे 'बेतेगलातोगातो', आजाऱ्याची भेट घेणारा. तो घरी जाऊन बसायचा, विचारपूस करायचा आणि सभेत सांगायचा. डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली असेल तर सभा मंजुरी द्यायची, मग खजिनदार पैसे मोजायचा. आजींनी एका जुन्या पानावरची हंगेरियन नोंद मला वाचून दाखवली: दोघे जाऊन आले, पाय सुजलेला आहे, चिठ्ठी पाहिली, दारू नाही. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. दारू पिऊन किंवा मारामारीत जखमी झालेल्याला अशा मंडळांत सहसा पैसे मिळत नसत. माझ्या वडिलांवर दोन्ही कामं होती. समोर रडणारी बाई आणि हातात किल्ली. अशा वेळी कोण नियम बघतो?

तिसरी गोष्ट तुमच्या दुखण्याची. त्या मंडळांची सुरुवातही तुमच्यासारखीच होती. कोणी वारला की प्रत्येकाने ठरलेला डॉलर-अर्धा डॉलर टाकायचा, म्हातारा असो की तरणा. सगळे तरुण असतात तोवर हे सुरेख चालतं. वीस-पंचवीस वर्षांनी मृत्यू वाढतात, मग तरुण विचारतात, आम्ही का भरायचं? ते येत नाहीत, आणि राहिलेल्यांवर भार आणखी वाढतो. अमेरिकेत अशी मंडळं ढिगाने बुडाली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेका राज्याने कायदे करून त्यांना वयाप्रमाणे दर लावायला आणि राखीव निधी बाजूला काढायला भाग पाडलं. जुने सभासद चिडले, तीस वर्षं भरलं त्याचं काय, म्हणाले. त्यांचंही खरं होतं. तरीही ज्यांनी दर बदलले ती टिकली.

यात खाणीचा धोका वेगळाच. शाखेतली सगळी माणसं एकाच खाणीत उतरणारी. १९०७ च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियात मोनोंगाला स्फोट झाला, ३६२ माणसं गेली. तेराच दिवसांनी पेनसिल्व्हेनियात डारच्या खाणीत २३९, त्यांत हंगेरियन पुष्कळ. अशा दिवशी एकट्या शाखेचा निधी दुपारपर्यंत संपतो. म्हणून गावोगावच्या शाखा एका मोठ्या मंडळाला जोडल्या गेल्या, मयताचा निधी मध्यवर्ती झाला आणि शाखेकडे भेटीगाठी, सभा आणि सहली राहिल्या. २०२१ च्या जुलैत महाडजवळ तळियेवर दरड कोसळली तेव्हा मला हे आठवलं होतं. एका वाडीच्या मंडळाने कितीही प्रामाणिक हिशेब ठेवला तरी अशा दिवसापुढे तो काय करणार?

कारभाराचं थोडक्यात. शाखेची सभा दर महिन्याला. सगळ्या शाखांच्या प्रतिनिधींचं मोठं अधिवेशन निदान चार वर्षांतून एकदा झालंच पाहिजे. तेच सर्वोच्च, घटना तेच बदलतं. तिथल्या कायद्याच्या नमुन्यात दोन कलमं आहेत, ती मी डायरीत उतरवून आणली. एक, निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे किमान दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे पदाधिकारी एकमेकांना मतं देऊन खुर्च्या राखू शकत नाहीत. दोन, दुसऱ्याच्या नावाने मत टाकता येत नाही. यायचं असेल तर स्वतः या. ठाण्यात मी पाहिलेल्या निम्म्या सभा अर्धा तास थांबून, तहकूब करून, पुन्हा त्याच नऊ जणांत भरलेल्या आहेत. तिकडेही माणसं येत नाहीतच, आजींनी कबूल केलं. सभेनंतरचं जेवण चांगलं ठेवायचं, म्हणाल्या.

आणखी एक कलम वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. निधीत तूट आली तर ती सभासदांवर वाटून वसूल करायचा अधिकार मंडळाला असतो. सभासद गिऱ्हाईक नसतो, मालक असतो, आणि मालकाच्या वाट्याला तोटाही येतो. हे प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. आपल्याकडे हे वाक्य सभेत मोठ्याने वाचून दाखवा, बघा किती जण उरतात.

तेव्हा तुम्ही काय करायचं? पंचवीस हजारांचा शब्द देणं थांबवा. उद्यापासून वर्गणीचे दोन भाग करा, मदतीचा आणि खर्चाचा, दोन बँक खाती. दर सहा महिन्यांनी मदतीच्या खात्यात किती आहे ते फळ्यावर लिहा आणि त्या शिलकीच्या ठरावीक हिश्श्याहून जास्त मदत कोणाला नाही, असा ठराव करा. रक्कम कमी होईल, पण सातव्या घरीही काहीतरी पोचेल. आणि भेटीला जाणारे दोघे दरवर्षी नवे निवडा, तरुण निवडा. वर्गणी का वाढवायची, हे सत्तरीच्या माणसाच्या खाटेशी बसल्यावर जसं कळतं तसं सभेत कळत नाही.

प्रश्न : काका, आम्ही नेरूळच्या बारा बायका दर उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, भाजणी करून विकतो आणि मंडळाच्या हॉलचं वर्षाचं भाडं त्यातून निघतं. मंडळाच्या घटनेत मात्र सभासद म्हणजे 'कुटुंबप्रमुख पुरुष'. तुमच्या त्या हंगेरियन मंडळांत बायका होत्या का? (एक गृहिणी, नेरूळ)

उत्तर : होत्या, आणि पुरुषांना वाटतं त्याच्या कितीतरी आधीपासून. ज्या घरांत ते गडी पाळीने झोपायचे तिथे रांधणारी, खाणीतले काळे कपडे धुणारी, डबे भरणारी आणि कोणी किती दिले याचा हिशेब डोक्यात ठेवणारी एकच बाई असायची. आमच्या लालबागच्या खानावळवाल्या मावशीही तशाच. वहीत लिहायचं त्यांना येत नव्हतं, पण कोणाचे दोन आणे राहिलेत ते पाच वर्षांनीही सांगायच्या. पुरुषांच्या मंडळांनी दार उघडायला वेळ लावला तेव्हा हंगेरियन बायकांनी अनेक गावांत स्वतःची आजार-मदत मंडळं काढली. वर्गणी त्यांची, अध्यक्षही त्यांच्यातल्या.

तुमच्या कुरडयांवरून एक सांगायलाच हवं. आजी मला एका सकाळी चर्चच्या तळघरात घेऊन गेल्या. लांब टेबलांभोवती पंधरा-वीस म्हाताऱ्या. कणीक लाटून बोटाच्या पेराएवढे चौकोन कापलेले. एकेक चौकोन बारीक रेघा असलेल्या फळीवर ठेवायचा, काडीने गुंडाळायचा, की इवलासा शंख तयार. त्याला 'चिगा' म्हणतात, म्हणजे गोगलगाय. लग्नाच्या सूपमध्ये हा घालायचाच. मी उभ्या उभ्या म्हटलं, अहो, हे तर आमचे गव्हले आणि नखुले! माझी आई बहिणीच्या रुखवतासाठी करायची तेव्हा शेजारच्या चौघी येऊन बसायच्या, तशाच या बसल्या होत्या. तशाच बोलत होत्याही, विषय सुनांचा असावा. भाषा कळली नाही, सूर कळला.

त्या शेवया पिशव्यांत भरून विकतात आणि त्या पैशांतून गळकी छपरं दुरुस्त होतात. चर्चच्या वह्यांत ते 'देणग्या' या रकान्यात दिसतात. मी आजींना म्हटलं, हे चूक आहे, हे उत्पन्न आहे आणि ते मिळवणाऱ्यांच्या नावाने दिसलं पाहिजे. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं मीही हेच सांगतेय.

तुम्हाला माझा सल्ला तोच. या वर्षीपासून कुरडयांचं उत्पन्न जमाखर्चात वेगळ्या ओळीवर दाखवायला लावा, समोर 'महिला सभासद' असं लिहून. सभासदच नाहीत असं चिटणीस म्हणतील. मग वार्षिक सभेत घटनादुरुस्तीचा विषय आपोआप येतो. किती बहुमत लागेल ते तुमच्या घटनेतच असेल. दुरुस्ती झाली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज नव्वद दिवसांच्या आत द्या. हे शेवटचं फार जण विसरतात. ठाणे जिल्ह्यात अशी मंडळं मी पाहिली आहेत जिथे कागदावरचे निम्मे विश्वस्त फोटोत हार घालून भिंतीवर आहेत.

आणि दुरुस्ती होईपर्यंत? भाडं पुरुषांना भरू द्या. एक वर्ष पुरे होईल.

प्रश्न : सर, आम्ही आयटीतले काही मित्र असं मृत्यूनंतर पैसे देणारं मंडळ अ‍ॅपवर काढायच्या विचारात आहोत. पाचशे सभासद, ठरलेली रक्कम, सगळं पारदर्शक. चालेल ना? (ऐरोली)

उत्तर : नाही चालणार. वर्गणी घेऊन मृत्यूनंतर ठरावीक रक्कम द्यायचं वचन म्हणजे विमा, आणि विम्याचा धंदा नोंदणीशिवाय करता येत नाही. त्या नोंदणीसाठी किमान भांडवलच शंभर कोटी लागतं. तेरा जण आणि सव्वासतरा डॉलर, हे १८८६ च्या हेझलटनमध्ये जमलं. त्या मंडळांसाठी अमेरिकेत पुढे वेगळा कायदाच झाला. भागभांडवल नको, नफा नको, पण शाखा हव्यात, निवडणूक हवी, महिन्याच्या सभा हव्यात. आपल्याकडे तसा कप्पा नाही. सभासदांनी एकमेकांसाठी काढलेली विमा संस्था आपल्याकडेही होती, बॉम्बे म्युच्युअल, १८७० ची, म्हणजे हेझलटनच्याही आधीची. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तो अध्याय मिटला.

मदत देता येते, वचन देता येत नाही, हा फरक लक्षात ठेवा. वचन हवं असेल तर प्रत्येक सभासदाचा पंतप्रधान जीवन ज्योती विमा काढला आहे ना, एवढं तुमच्या अ‍ॅपने बघावं. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाख, वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यात शिरता येतं. अपघाताचा वीस रुपयांचा वेगळा, तो सत्तरीपर्यंत. दरवर्षी खात्यात पैसे नसल्याने कितीतरी जणांचे हप्ते चुकतात. त्या आठवड्यात पाचशे फोन करणं हेच खरं मंडळाचं काम, आणि त्याला अ‍ॅप नको, चिकाटी हवी.

प्रश्न : आमच्या शेजारशेजारच्या दोन गावांची दोन मंडळं कळव्यात आहेत. दोन्हीकडे माणसं कमी. एकत्र करायला सगळे तयार आहेत, अडलंय ते नावावर. दोन्ही नावं ग्रामदैवतांची. मार्ग सुचवा. (कळवा)

उत्तर : दैवतांचा प्रश्न माझ्या हातात नाही, पण एक उदाहरण देतो. हेझलटनच्या वेर्होवाय मंडळासारखंच दुसरं एक हंगेरियन मंडळ १८८८ साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला निघालं होतं, राकोत्सीच्या नावाचं. राकोत्सी म्हणजे १७०३ ते १७११ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध लढलेला त्यांचा राजपुत्र. त्याचं नाव घेतलं की हंगेरियन माणूस ताठ बसतो. १९५५ साली ही दोन मंडळं एक झाली. नाव कोणाचं ठेवलं? वेर्होवायचं नाही आणि राकोत्सीचंही नाही. विल्यम पेन! पेनसिल्व्हेनिया वसवणारा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला इंग्रज, ज्याचा हंगेरीशी काडीचा संबंध नव्हता. ज्या मातीत आपले बापजादे गाडले गेले तिथला माणूस, एवढंच. त्या दिवशी सभागृहात किती जणांचे घसे दाटले असतील, याचा मी विचार करतो. ते मंडळ आज त्याच नावाने चालू आहे.

सगळ्यांना हे गोड शेवट मिळाले असं नाही. ट्रेंटनला १८९६ साली निघालेली हंगेरियन रिफॉर्म्ड, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथीयांची संस्था घ्या. १९०७ साली तिला अमेरिकन काँग्रेसची सनद मिळाली, १९२१ मध्ये लिगोनियर गावी तिने अनाथाश्रम काढला, पुढे तिथे वृद्धांची सोय झाली. २०११ साली ती संस्था एका मंडळात विलीन झाली, आणि ते मंडळ मूळचं जर्मनांचं! लिगोनियरचं घर मात्र उभं आहे.

तुम्ही कळव्याचं नाव ठेवा. 'कळवा' म्हटलं की दोन्ही दैवतं घरीच आहेत.

प्रश्न : घोडबंदरला राहणाऱ्या आमच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. मंडळाचं इतिवृत्त इंग्रजीत लिहावं का? वडीलधारी मंडळी संतापली आहेत. (ठाणे)

उत्तर : मीही आधी संतापलो. मग आजींच्या वह्या आठवल्या. जुन्या सगळ्या हंगेरियनमध्ये, वळणदार अक्षरात. वेर्होवाय मंडळाचं मुखपत्रही 'वेर्होवायॉक लॉप्यॉ' या हंगेरियन नावाचंच. आजींच्या शाखेत मग एका पानावर हंगेरियन आणि पुढच्या पानावर इंग्रजी. मध्ये काही नाही, ना ठराव, ना खुलासा. विचारलं तर म्हणाल्या, चिटणीस बदलला. नव्याला लिहिता येत नव्हतं.

हंगेरीतला सोव्हिएत सत्तेविरुद्धचा १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर दोनेक लाख माणसं तिथून बाहेर पडली. त्यांतली पस्तीस हजारांहून जास्त अमेरिकेत आली, बहुतेक न्यू जर्सीतल्या कॅम्प किल्मर या लष्करी छावणीतून. ताजी हंगेरियन बोलणारी, शिकलेली, शहरी. जुन्या मंडळींना वाटलं, आता भाषेला बहर येणार. आजी म्हणाल्या, त्यांना आमची हंगेरियन हसण्यासारखी वाटायची, पणजोबांच्या खेड्यातली, त्यात इंग्रजी शब्द. म्हणजे भाषा टिकवून ठेवलेल्यांनाच भाषा येत नाही असं ठरलं. माझ्या मराठीबद्दल असंच काहीसं दुबईहून आलेल्या आमच्या भाच्याने मला सांगितलं तेव्हा मलाही लागलं होतं.

माझं मत : जमाखर्च आणि ठराव ज्या भाषेत सर्वांत तरुण तपासनीसाला वाचता येतील त्या भाषेत लिहा. न वाचता केलेली सही मी तीस वर्षं पकडत आलो, ती मराठीतली असली म्हणून गोड होत नाही. सभेत बोलणं मात्र मराठीतच, आणि शिव्याही.

प्रश्न : तुम्ही मागे द्राक्षं चोरण्याच्या कार्यक्रमाचा उल्लेख केला होता. तो काय प्रकार? आम्हाला कोजागिरीला काहीतरी नवं करायचंय. (चरई, ठाणे)

उत्तर : अहो, तुम्ही तर माझ्याच गल्लीतले, जिन्यात भेटलात तर सांगितलं असतं. तो त्यांचा द्राक्षकापणीचा नाच, शरदात करतात. हॉलच्या छताखाली दोऱ्या बांधून द्राक्षांचे घोस लटकवतात. नाचता नाचता हात वर करून घोस तोडायचा, पण राखणदार फिरत असतात, त्यांनी पकडलं की न्यायाधीशासमोर उभं करतात. न्यायाधीश म्हणजे टोपी घातलेला कोणीतरी खट्याळ काका. दंड ठोठावतो, आणि दंडाचे पैसे मंडळाला. लहान पोरं मुद्दाम पकडली जातात. कोजागिरीला दुधाच्या पातेल्याभोवती हे कसं बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा. तलावपाळीवर करू नका, खरे पोलीस येतील.

मी एकच द्राक्ष तोडलं होतं, घोस नाही. तरी पकडलं. दंड दोन डॉलर. मी विचारलं, हे कुठल्या खात्यात जाणार? टेबलामागे आजी बसल्या होत्या, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, खर्चाच्या. मी पैसे भरले आणि पावती मागितली. मागे रांगेत उभे असलेले हसायला लागले. आजी हसल्या नाहीत. पर्समधून पावतीपुस्तक काढलं, नंबर बघितला आणि फाडून दिली.